डाग आणि दगड

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरातील फडताळे रिकामी होतात, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, आणि सर्वांत शेवटी पाळी येते ती स्वयंपाकघरातील ओट्याची. हा ओटा पांढऱ्या संगमरवराचा आहे. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले आणि त्या पुरात आमचे नदीकाठचे जुने घर गेले. पुढल्या वर्षी वडिलांनी नवे घर बांधले, तेव्हा जन्मभर चुलीपुढे बसून रांधलेल्या माझ्या आईला आता तरी उभ्याने काम करता यावे, म्हणून त्यांनी ओटा घालून घेतला. त्या काळी पुण्यात ओट्याला शहाबादी फरशी किंवा कडाप्पा घालीत. वडिलांना मात्र कोठून कोण जाणे, मकराण्याची एक लांबलचक लादी मिळाली होती. ताजमहालाचा दगड आपल्या स्वयंपाकघरात आला, याचे त्यांना इतके कौतुक, की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी ओटा दाखवीत आणि मग चहा देववीत.

दगड मकराण्याचा असला तरी तो ताजमहालासारखा पूजेला ठेवलेला नव्हता. त्यावर आईने चौतीस वर्षे स्वयंपाक केला. तेलाची बरणी ज्या कोपऱ्यात असे तेथे एक काळपट वर्तुळ उमटले. मसाल्याच्या डब्याजवळ हळदीचा पिवळा पट्टा बसला. ओल्या लोखंडी कढईने एक तांबूस कडे काढून ठेवले. लिंबाच्या लोणच्यासाठी दर वर्षी ज्या जागी शेकडो लिंबे चिरली जात, तेथली चकाकी गेली. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण ओट्यावर नजर टाकली की तिचे कोणते काम कोठे चाले, हे मला अजून सांगता येते.

यंदा माझ्या सुनेने विचारले, “बाबा, ओट्याला पॉलिश करून घ्यायचं का? डाग फार दिसतात. नाहीतर सरळ ग्रॅनाइट बसवून टाकू.”

प्रश्न अगदी रास्त होता. स्वयंपाक ती करते, ओटा पुसते तीच, आणि पाहुण्यांच्या नजराही तिलाच झेलाव्या लागतात. मी मात्र “दोन दिवस थांब” एवढेच म्हणालो. जन्मभर शाळेत इतिहास शिकविलेल्या माणसाची ही खोड आहे: प्रश्न आजचा विचारला तरी तो उत्तर शोधायला मागे जातो. शिवाय या बाबतीत मला मागे जाण्याचे एक घरगुती कारणही होते. ते आजवर मी कोणाला सांगितलेले नव्हते.

१९८८ च्या दिवाळीची गोष्ट. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तिला पूर्वीसारखे घासूनपुसून काम होत नव्हते. ती गावाला गेली असताना ओटा लख्ख करून तिला चकित करावे, असे माझ्या मनात आले. न्हाणीघरातील फरशीसाठी आणलेली ॲसिडची बाटली घरात होती. कढईच्या तांबूस कड्यावर आणि त्याच्या शेजारच्या हळदीवर मी ते ॲसिड ओतले. लगेच फसफसून फेस आला. मला वाटले, काय मळ निघतो आहे! आणखी थोडे ओतले, काथ्याने घासले, पाणी मारले. कड्याचा रंग खरोखरच फिका पडला होता. पण ओटा वाळला तेव्हा तळहाताएवढ्या दोन जागा खडूसारख्या पांढऱ्या, निस्तेज आणि खरखरीत झालेल्या दिसल्या. आई परत आली. तिला फारसे दिसत नव्हते, पण सवयीने तिने ओट्यावरून हात फिरविला आणि तो त्या जागी थांबला.

“इथं काय झालं रे?” तिने विचारले.

“डाग काढला,” मी म्हणालो.

“डाग होता तेव्हा हाताला लागत नव्हता,” ती म्हणाली, आणि चहाचे आधण ठेवायला वळली.

त्या फेसाचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. संगमरवर हा मुळात चुनखडीचाच एक अवतार आहे. समुद्राच्या तळाशी साचलेली चुनखडी भूगर्भातील उष्णतेने व दाबाने पुन्हा स्फटिकरूप झाली की तिचा संगमरवर होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर आम्ल पडले की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि कॅल्शियमचा विद्राव्य क्षार होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. त्या दिवशी फेस होऊन निघत होता तो मळ नव्हे, दगड. तीव्र ॲसिड जे एका मिनिटात करते, तेच लिंबू, चिंच, आमसूल, ताक आणि टोमॅटो हळूहळू करतात. लोणच्याच्या जागेची चकाकी गेली ती याच कारणाने. तेथे आईच्या हातून कसलाही डाग पडलेला नव्हता. थोडा थोडा दगडच गेला होता.

येथे एक भेद वाचकांनी ध्यानात घ्यावा, कारण पुढील सारी हकीकत त्याच्यावर उभी आहे. संगमरवरावर जे काही बिघडलेले दिसते त्याला आपण सरसकट ‘डाग’ म्हणतो. वस्तुतः त्यांत दोन अगदी भिन्न गोष्टी असतात. एक म्हणजे बाहेरून आत आलेले काही: तेल, हळद, गंज, काजळी. तेथे रंग बदलतो, पण तिरप्या उजेडात पाहिले तर चकाकी शाबूत असते. दुसरी म्हणजे दगडातून गेलेले काही. तेथे रंग तोच राहतो, पण चकाकी मरते आणि बोटाला खरखर लागते. आत आलेले बाहेर काढता येते, निदान तशी आशा तरी असते. गेलेले परत आणता येत नाही. फार तर आजूबाजूचा दगडही तेवढाच घासून खाली आणायचा, म्हणजे उणीव दिसत नाही. पण ती नाहीशी झालेली नसते, सगळीकडे सारखी वाटली गेलेली असते.

हा भेद न कळल्यामुळे माझ्यासारख्या मास्तराच्या हातून ओटा बिघडला, यात नवल नाही. नवल हे की, ज्यांना तो कळायलाच हवा होता त्यांच्या हातूनही तेच घडले आहे, आणि ते एखाद्या ओट्याच्या बाबतीत नव्हे.

फ्लॉरेन्स नगरीतील मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ १५०४ साली चौकात उभा राहिला आणि १८७३ साली त्याला छताखाली नेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेचारशे वर्षे, ऊन-पाऊस खात उघड्यावर होता. १८४३ साली त्याची सफाई करण्याचे काम आरिस्तोदेमो कोस्तोली या शिल्पकाराकडे आले. त्याने त्यासाठी वापरले हायड्रोक्लोरिक आम्ल. म्हणजे माझ्या बाटलीत होते तेच! जोडीला लोखंडी हत्यारेही होती. पुतळा पांढरा झाला खरा, पण त्याच्या अंगावरचे जुने संरक्षक लेपन गेले आणि त्याखालची त्वचा उघडी पडली. कोस्तोली हा अडाणी नव्हता. स्वतः संगमरवर घडविणारा होता. शुभ्र झाला म्हणजे स्वच्छ झाला, या त्या काळच्या समजुतीपलीकडे मात्र त्याला पाहता आले नाही.

या समजुतीची सर्वांत मोठी किंमत मोजली गेली ती लंडनमध्ये. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरील शिल्पे, ख्रिस्तपूर्व ४४७ ते ४३२ या काळात फिडियासच्या देखरेखीखाली घडलेली. तुर्की दरबारातील इंग्रज वकील लॉर्ड एल्गिन याने १८०१ पासून ती उतरवून नेण्यास आरंभ केला. १८१६ साली ब्रिटिश सरकारने ती पस्तीस हजार पौंडांना विकत घेतली आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवली. नेणे न्याय्य की अन्याय्य, हा वाद दोनशे वर्षे चालू आहे. त्यात मी आज शिरत नाही. माझा प्रश्न लहान आहे: नेल्यावर ती सांभाळली कशी?

लंडन त्या काळी कोळशाच्या धुरात बुडालेले शहर. शिल्पे बघता बघता काळवंडली. ती पुन्हा पांढरी कशी करावी, याचा सल्ला म्युझियमने कोणाला विचारावा? मायकेल फॅरडेला! विद्युत्शास्त्रातील ज्याचे शोध आपण शाळेत शिकतो, तोच हा. फॅरडेने पाणी वापरून पाहिले, क्षार वापरून पाहिले, अगदी थोड्या जागेवर सौम्य नायट्रिक आम्लही वापरून पाहिले. १८५७ साली लिहिलेल्या पत्रात त्याने जे कळविले, त्याचा आशय असा: दगडाचा पृष्ठभाग खडबडीत आणि बारीक छिद्रांनी भरलेला आहे, मळ त्यांत रुतून बसला आहे, आणि ही शिल्पे मूळच्या शुभ्रतेला परत नेता येतील अशी आशा मला उरलेली नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ ‘हे माझ्याने होणार नाही’ असे लिहून देतो, आणि हात आवरता घेतो. पुढील काळाने या पत्रापासून धडा घेतला असता, तर फार बरे झाले असते.

पुढल्याच वर्षी, १८५८ साली, रिचर्ड वेस्टमॅकॉट या शिल्पकाराने म्युझियमला आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. शिल्पांचे प्लास्टरचे साचे काढताना कारागिरांनी दगडाला तेल आणि डुकराची चरबी चोपडली होती. कोठे कोठे मेणाने व राळेने डागडुजी केली होती. आणि शिल्पांचे रंग बिघडले होते ते त्यामुळेही. म्हणजे फिडियासच्या शिल्पांना झालेले दुखणे आणि माझ्या आईच्या तेलाच्या बरणीने ओट्याला दिलेले दुखणे एकच! वेस्टमॅकॉटने त्यावर फुलर्स अर्थ नावाच्या मातीचा उपाय योजिला. या मातीकडे आपण पुढे येणारच आहोत.

आता १९३० नंतरचा काळ. जोसेफ डूव्हीन हा जगप्रसिद्ध चित्र-व्यापारी, पुढे लॉर्ड झालेला, या शिल्पांसाठी नवे दालन बांधून द्यावयास पुढे आला. पैसा त्याचा, हौस त्याची. त्याला नव्या दालनात शिल्पे पांढरीशुभ्र दिसायला हवी होती. म्युझियमचे रसायनज्ञ हॅरॉल्ड प्लेंडरलीथ यांनी सफाईची रीत आधीच ठरवून दिली होती: सौम्य साबण, थोडा अमोनिया, मऊ कुंचला आणि ऊर्ध्वपातित पाणी. यापलीकडे काही नाही. १९३७ च्या जूनपासून १९३८ च्या सप्टेंबरपर्यंत काम चालले. सप्टेंबरअखेर एके दिवशी म्युझियमचे संचालक जॉन फोर्सडाइक तेथून जात असता त्यांना बाकावर पडलेली हत्यारे दिसली. ती तांब्याची खरवडणी होती. चौकशी झाली, तेव्हा कार्बोरंडमही वापरल्याचे उघड झाले. कामगारांचे म्हणणे असे की, मळ साबणाने निघेना म्हणून हत्यार लावले. तांबे दगडापेक्षा मऊ असते. आणि आम्ही वर्षानुवर्षे असेच करीत आलो आहो. तांबे आणि संगमरवर यांचा कठीणपणा जवळजवळ सारखाच आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. कार्बोरंडम तर दगडाहून कितीतरी कठीण.

या माणसांना दोष देणे मला जमत नाही. मळ निघत नाही, धनी पांढरेपणाची वाट पाहतो आहे, आणि हाताशी हत्यार आहे. अशा वेळी काय घडते, हे मी माझ्या ओट्यापुढे उभे राहून पाहिले आहे. दोष देखरेख करणाऱ्यांचा होता. एका अधिकाऱ्याने राजीनामा दिला, दुसरे प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाले. चौकशीचा अहवाल मात्र म्युझियमने कित्येक दशके लोकांपुढे येऊ दिला नाही. विल्यम सेंट क्लेअर या इतिहासकाराने १९९८ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत हे प्रकरण सविस्तर मांडले, तेव्हा मोठा गदारोळ उठला. १९९९ साली म्युझियमने या विषयावर परिषद भरविली. ती सफाई ही चूक होती, हे म्युझियमने मान्य केले. नुकसान किती, याविषयी मात्र तज्ज्ञांत मतभेद राहिले.

पण खरवडून काढले ते काय? पेंटेली डोंगराच्या त्या संगमरवरात लोहाचा अल्प अंश असतो. काळ जातो तशी त्याच्यावर मधासारखी पिंगट छटा चढते. ती काजळी नव्हे. तो दगडाचाच वाढत्या वयाचा रंग. काजळीबरोबर कित्येक ठिकाणी तीही गेली, आणि तिच्याबरोबर फिडियासच्या कारागिरांनी जिच्यावर हात फिरविला होता ती त्वचाही काही अंशी गेली. सूर्यदेव हेलिऑस, चंद्रदेवतेच्या रथाचा घोडा आणि देवदूती आयरिस यांना याचा विशेष उपद्रव झाला.

सर्वांत मौज अशी, की ज्या शुभ्रतेपायी हा खटाटोप झाला ती शुभ्रता मुळात नव्हतीच. ग्रीकांची देवळे आणि पुतळे रंगविलेले असत. २००९ साली ब्रिटिश म्युझियममध्ये एका विशेष कॅमेऱ्याने तपासणी केली असता आयरिसच्या कमरपट्ट्यावर इजिप्शियन निळ्या रंगाचे कण चमकले. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या रंगाऱ्याचे बोट तेथे अजून आहे. फॅरडेने जिची आशा सोडली आणि डूव्हीनने जिचा हट्ट धरला, ती शुभ्रता फिडियासने कधी पाहिलेलीच नव्हती.

आता त्या मातीकडे वळू. विलायतेत लोकर धुणाऱ्या कारागिरांना फुलर म्हणत. लोकरीतील तेलकटपणा शोषून घेण्यासाठी ते जी चिकण माती वापरीत ती फुलर्स अर्थ. आणि आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडाला लावलेली मुलतानी माती ती हीच! लंडनमध्ये १८५८ साली जी पार्थेनॉनच्या शिल्पांसाठी निघाली, तीच आग्र्यात ताजमहालाच्या अंगाला लागली. पुरातत्त्व खात्याने १९९४, २००१, २००८ आणि २०१४ या साली ताजाच्या भिंतींना मुलतानी मातीचे लेप दिले. मातीचा पातळ लेप द्यायचा, तो वाळू द्यायचा, मऊ नायलॉनच्या कुंचल्याने काढायचा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचे. आपल्या घरात गळवावर पोटीस बांधीत, त्यातले तत्त्व आणि हे तत्त्व एकच. ओलावा दगडाच्या छिद्रांत शिरतो, तेथील मळ सैल करतो. लेप वाळू लागला की तो ओलावा बाहेर ओढला जातो आणि येताना मळ बरोबर घेऊन मातीत थांबतो. यात खरवडणे नाही. घाईही नाही. जे यायचे ते आपल्या पायांनी चालत येते.

अर्थात पोटीस बांधून गळू बरे झाले तरी ते पुन्हा का होते, हे पाहावे लागतेच. ताज पिवळा पडतो म्हणून ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या २९२ कारखान्यांना दगडी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर हलवा, असा हुकूम दिला. तरीही पिवळेपणा थांबला नाही. २०१४-१५ मध्ये भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ताजावर धुळीबरोबर कार्बनचे बारीक कणही बसतात, आणि त्यांतले तपकिरी कण लाकूड, शेण्या व केरकचरा जाळल्याने हवेत येतात. म्हणजे मुमताजच्या कबरीवरील पिवळेपणाचा एक वाटेकरी चुलीचा धूर आहे. ज्या चुलीपुढून उठावे म्हणून वडिलांनी आईला ओटा घालून दिला, ती अजून कोणाच्या तरी आईच्या डोळ्यांत धूर घालते आहे. ताजाचे डाग मोजताना या बायकांची आठवण कोणी ठेवीत असेल का, असे मला राहून राहून वाटते.

शेवटचा मुक्काम पुन्हा फ्लॉरेन्स. तेथील सान लोरेन्झो चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडविलेल्या मेदिची घराण्याच्या कबरी आहेत. १५३७ च्या जानेवारीत ड्यूक अलेस्सांद्रो याचा खून झाला आणि त्याचे प्रेत, नीट संस्कार न करताच, लोरेन्झोच्या कबरीत ढकलण्यात आले. प्रेतातून जे पाझरले ते संगमरवरात उतरले आणि त्याचे डाग कबरीवर शतकानुशतके राहिले. नाना उपाय झाले. डाग हटले नाहीत. अखेर २०१९ ते २०२१ या काळात तेथील संवर्धक स्त्रियांनी आणि शास्त्रज्ञांनी जिवाणूंची मदत घेतली. कोणता जिवाणू डागातले तेवढे खातो आणि दगडाला हात लावीत नाही, याची आधी पारख केली. ‘सेराशिया फिकारिया’ नावाच्या जिवाणूची एक जात कामास आली. लेपात मिसळून ती डागांवर ठेवली; तिने आपले जेवण केले आणि दगड तसाच राहिला.

डाग पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ थांबला होता. त्याला काढण्याची विद्या जन्माला येईपर्यंत मायकेलअँजेलोचा दगड शाबूत होता, म्हणून ती विद्या उपयोगी पडली. १८४३ साली डेव्हिडला जसे आम्ल लावले तसे या कबरीला कोणी भरपूर लावले असते, तर जिवाणूंना खायला डाग उरला नसता आणि आपल्याला पाहायला कबर. डाग वाट पाहू शकतो. गेलेल्या दगडासाठी मात्र कितीही वाट पाहिली तरी काही येत नाही. इतिहासाच्या अभ्यासात माझ्या पदरात जे थोडेफार पडले, त्यांतले हे एक. आणि ते मला आधी ओट्याने शिकविले.

हे सारे मी सुनेला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे काहीच करायचं नाही?”

तसे नव्हते. ओटा म्हणजे पार्थेनॉन नव्हे. तो वापरायची वस्तू आहे, आणि ज्याच्यावर रोज राबायचे तो प्रसन्न दिसावा असे वाटणे हा काही अपराध नाही. आम्ही दोघांनी मिळून डागांची यादी केली, अगदी दवाखान्यात रोग्यांची करतात तशी. तेलाच्या वर्तुळावर मुलतानी मातीचे घट्ट पोटीस घातले, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटविला, दुसऱ्या दिवशी कागद काढून माती वाळू दिली. पहिल्या खेपेस माती तेलकट निघाली. तिसऱ्या खेपेस वर्तुळ शोधावे लागले. हळदीला तिने आधी सोड्याचे पाणी लावून पाहिले, तो पट्टा लालभडक झाला आणि ती घाबरली. मी हसलो. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो याचसाठी. पाण्याने धुतल्यावर तांबडेपणा उतरला. मग औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालविलेल्या मातीने पिवळा पट्टाही पुष्कळ फिका झाला. कढईचे कडे तसेच ठेवले. गंज काढणारी बहुतेक द्रव्ये आम्लाचीच असतात, आणि आम्लाशी माझी एकदा गाठ पडली आहे. लिंबे आता लाकडी पाटावर चिरायची, एवढे ठरले.

तेवढ्यात बोलाविलेला पॉलिशवाला यंत्र घेऊन आलाच. त्याने ओट्यावरून हात फिरविला आणि म्हणाला, “साहेब, दगड एक नंबर आहे. वरचा थर काढला की आरशासारखा होईल. विशेषतः हे दोन चट्टे, इथं कोणीतरी ॲसिड मारलंय.” त्याच्या पिशवीत कार्बोरंडमच्या वड्या होत्या. माणूस प्रामाणिक होता. तो जे सांगत होता ते त्याने नक्की करून दिले असते. सुनेने माझ्याकडे पाहिले. तेव्हा १९८८ ची ती गोष्ट मी प्रथमच सांगितली, त्या परक्या माणसासमोरच. आईचे डाग राखावेत असा माझा आग्रह होता. पण खरे सांगायचे तर ते दोन चट्टे पुसले जावेत, असे मला सदतीस वर्षे वाटत आले होते. ते तिचे नव्हते, माझे होते.

सून थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “बाबा, आजी पोळ्या कुठं लाटायच्या?”

मी आठवू लागलो आणि एकदम ध्यानात आले. पूर्वी पोळपाट खिडकीशी असे. त्या दिवाळीनंतर आईने तो मी जाळलेल्या जागेवर ठेवायला सुरुवात केली होती. मला वाटे, चट्टा झाकला जावा म्हणून ती तसे करते. माझी लाज राखते. मी कधी विचारले नाही.

“मीही तिथंच लाटते,” सून म्हणाली. “लग्न होऊन आल्यावर पोळपाट तिथंच दिसला, म्हणून. बाकी ओट्यावर तो सरकतो. तिथं सरकत नाही.”

मग ती पॉलिशवाल्याकडे वळली आणि त्याला म्हणाली, “दादा, पॉलिश नको. चहा घेऊन जा.”